इंग्रजी शब्दांतील अर्थभेद : हार्बर, पोर्ट, डॉक, जेटी

जहाज जिथे येऊन थांबते त्या जागेला मराठीत सहसा ‘बंदर’ म्हणतात. इंग्रजीत तिच्यासाठी हार्बर, पोर्ट, डॉक, व्हार्फ, की, जेटी, पिअर, बर्थ आणि टर्मिनल असे निदान नऊ शब्द आहेत. शब्दकोशात त्यांच्यापुढे ‘बंदर’, ‘गोदी’ आणि ‘धक्का’ हेच प्रतिशब्द फिरून फिरून येतात, त्यामुळे कोणताही शब्द कोणत्याही जागी चालेल असे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाचे काम वेगळे आहे. काही शब्द पाण्याविषयी आहेत, काही व्यवस्थेविषयी, तर काही बांधकामाविषयी. बेलापूरच्या जेटीपासून न्हावा शेव्यापर्यंत आणि समोर मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर या सर्वांची उदाहरणे पाहायला मिळतात.

हार्बर

हार्बर म्हणजे आडोशाचे पाणी. वारा आणि लाटा यांपासून जहाजाला जिथे निवारा मिळतो तो जलभाग. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सैन्याचा निवारा’ असा होता. पुढे तो कोणत्याही निवाऱ्यासाठी आणि शेवटी जहाजांच्या निवाऱ्यासाठी वापरला जाऊ लागला. मुंबईचे हार्बर निसर्गाने घडवलेले आहे. पश्चिमेला मुंबई बेट, पूर्वेला उरण-पनवेलची मुख्य भूमी आणि मधल्या पाण्यात घारापुरी. बेटाची भिंत आड असल्यामुळे अरबी समुद्राच्या लाटांचा जोर आत ओसरतो. निसर्गाने असा आडोसा दिला नसेल तिथे समुद्रात बांध घालूनही हार्बर तयार करतात.

निवाऱ्याचा हा मूळ अर्थ क्रियापदात आजही टिकून आहे. ‘टू हार्बर’ म्हणजे आसरा देणे किंवा मनात बाळगणे. मनात आकस धरणे यासाठी इंग्रजीत हेच क्रियापद येते. गुन्हेगाराला आसरा देण्याच्या गुन्ह्यालाही ‘हार्बरिंग’ म्हणतात. भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ मध्ये तो शब्द होता आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे.

पोर्ट

हार्बर निसर्ग देऊ शकतो, पोर्ट मात्र माणसाला उभारावे लागते. लॅटिन ‘पोर्टस’वरून आलेल्या या शब्दात मालाची चढउतार, जकात, साठवण, रस्ता आणि रेल्वेची जोडणी आणि या सर्वांवर देखरेख करणारे प्राधिकरण एवढे सगळे येते. वादळात सापडलेला मचवा एखाद्या निर्जन खाडीत शिरून बचावला, तर त्याला हार्बर मिळाले असे म्हणता येते. तिथे धक्का नाही, कस्टम नाही, व्यापार नाही, म्हणून ते पोर्ट नव्हे.

मुंबईसमोरच्या पाण्यात हा फरक स्पष्ट दिसतो, कारण तिथे हार्बर एक आहे आणि त्यात मोठी पोर्ट दोन आहेत. पश्चिम काठावर मुंबई पोर्ट आहे, ज्याचा कारभार पाहण्यासाठी १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पूर्व काठावर उरण तालुक्यात न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू पोर्ट आहे, ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. म्हणून ‘मुंबई हार्बर’ आणि ‘मुंबई पोर्ट’ ही एकाच गोष्टीची दोन नावे ठरत नाहीत.

पोर्टला समुद्र असलाच पाहिजे असेही नाही. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जालना आणि वर्धा जिल्ह्यांत जवाहरलाल नेहरू पोर्टच्या प्राधिकरणाने ‘ड्राय पोर्ट’चे प्रकल्प हाती घेतले. विमानांच्या तळाला ‘एअरपोर्ट’ म्हणतात, कारण तिथेही माल, माणसे आणि तपासणी यांची व्यवस्था असते. ‘ड्राय हार्बर’ ही कल्पनाच संभवत नाही.

जमिनीवर ‘हार्बर’ शब्द येतो तो नावापुरता. नवी मुंबईकरांच्या रोजच्या तोंडी असलेले ‘हार्बर लाइन’ हे नाव मुंबईच्या पूर्व काठावरून आले आहे. या काठाजवळून जाणाऱ्या मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. १९९२ मध्ये मार्ग खाडी ओलांडून वाशीला पोहोचला आणि पुढे पनवेलपर्यंत गेला, पण नाव तेच राहिले.

डॉक

डॉक म्हणजे जहाज ज्याच्या आत उभे राहते ते बांधीव कुंड; मराठीत गोदी. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक बदलते. ओहोटीतही जहाज तरंगत राहावे म्हणून भरतीचे पाणी दरवाजांनी अडवून धरणारी गोदी बांधत. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचे इंदिरा डॉक, १९१४ मध्ये सुरू झाले. याउलट सुक्या गोदीत, म्हणजे ‘ड्राय डॉक’मध्ये, जहाज आत घेऊन पाणी काढून टाकतात आणि तळाची दुरुस्ती करतात. जहाजे बांधण्याच्या व दुरुस्त करण्याच्या संपूर्ण आवाराला ‘डॉकयार्ड’ म्हणतात. हार्बर लाइनवरील डॉकयार्ड रोड स्थानकाच्या नावात हाच शब्द आहे.

ब्रिटिश वापरात डॉक म्हणजे बांधकामाने वेढलेले पाणी. अमेरिकेत मात्र ज्यावर पाय ठेवून बोटीत चढतात त्या बांधकामालाच डॉक म्हणतात. अमेरिकी पुस्तके आणि चित्रपट यांमुळे हा अर्थ आपल्याकडेही आला आहे, म्हणून वाक्य कोणाचे आहे ते पाहून अर्थ घ्यावा लागतो. न्यायालयातील आरोपीच्या पिंजऱ्यालाही ‘डॉक’ म्हणतात. तो शब्द वेगळ्या मुळाचा असून त्याचा गोदीशी संबंध नाही.

व्हार्फ, की, जेटी, पिअर

हे चारही शब्द बांधकामाचे आहेत. जहाजाला लागून माल किंवा माणसे उतरवण्याच्या बांधकामाला व्हार्फ हा सर्वसाधारण शब्द आहे आणि मराठी ‘धक्का’ त्याच्या सर्वांत जवळ जातो. जिथून उरणजवळच्या मोऱ्याला लाँच सुटते, त्या भाऊच्या धक्क्याचे इंग्रजी नाव ‘फेरी व्हार्फ’ असेच आहे. ‘की’ म्हणजे काठाला समांतर बांधलेली भक्कम कड. या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून ‘क्वे’ असा उच्चार करण्याची चूक होते. उच्चार ‘की’ असाच आहे. कंटेनर उचलणाऱ्या उंच यारी या कडेवर उभ्या असतात, म्हणून त्यांना ‘की क्रेन’ म्हणतात.

जेटी काठापासून पाण्यात पुढे जाते. फ्रेंचमधील ‘फेकलेले’ या अर्थाच्या शब्दापासून हे नाव आले आहे, म्हणजे काठावरून पाण्यात टाकलेले बांधकाम. बेलापूर आणि नेरूळच्या जेटी प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेल्या आहेत. आपल्याकडच्या बोलण्यात मात्र कोणत्याही लहान धक्क्याला जेटी म्हटले जाते. पिअरही पाण्यात पुढे जातो, पण तो सहसा खांबांवर उभा असतो आणि पाणी त्याच्याखालून वाहत राहते. पुलाच्या खांबालाही पिअरच म्हणतात. वाशीच्या खाडीपुलाचे आणि अटल सेतूचे खांब अभियंत्यांच्या भाषेत पिअर असतात.

बर्थ आणि टर्मिनल

बर्थ म्हणजे एका जहाजाला नेमून दिलेली जागा. बांधकाम एकच असले तरी त्यावर अनेक बर्थ असू शकतात. न्हावा शेव्याला १९९९ मध्ये सुरू झालेल्या खासगी कंटेनर टर्मिनलची की ६०० मीटर लांब असून तिच्यावर दोन बर्थ आहेत. जहाजात खलाशाला झोपायला मिळणाऱ्या जागेलाही बर्थ म्हणू लागले आणि तिथून तो शब्द रेल्वेच्या डब्यात आला. टर्मिनल म्हणजे विशिष्ट प्रकारचा माल किंवा प्रवासी हाताळणारा पोर्टचा स्वतंत्र विभाग. त्यात की, यारी, साठवणीचे आवार आणि फाटक हे सारे येते. न्हावा शेव्याच्या एकाच पोर्टमध्ये निरनिराळ्या कंपन्या चालवत असलेली अनेक टर्मिनल आहेत.

शुल्काचे शब्द

मालाची ने-आण करणाऱ्यांच्या बिलांत हा भेद पैशांत मोजला जातो. ‘व्हार्फेज’ हे धक्का वापरल्याचे शुल्क. भरलेला कंटेनर मोफत मुदतीनंतरही पोर्टच्या आवारात पडून राहिला तर ‘डेमरेज’ लागते. कंटेनर बाहेर नेला, पण रिकामा करून वेळेत परत केला नाही तर ‘डिटेन्शन’ लागते. रेल्वेच्या मालवाहतुकीत अर्थ बदलतात. तिथे वाघीण अडवून ठेवल्यास डेमरेज आणि माल रेल्वेच्या आवारात ठेवल्यास व्हार्फेज आकारतात. पत्रात चुकीचा शब्द गेला तर मागणी भलत्याच शुल्काची ठरते.

एका जहाजाच्या प्रवासात हे शब्द क्रमाने येतात. जहाज मोकळ्या समुद्रातून हार्बरमध्ये शिरते, पोर्टची परवानगी घेते, ठरलेल्या टर्मिनलकडे जाते, तिथल्या कीला लागून आपल्या बर्थवर उभे राहते आणि तळ दुरुस्त करायचा असेल तर ड्राय डॉकमध्ये जाते.