सही करण्यापूर्वी

तालमीत किंवा व्यायामशाळेत नाव घालायला जावे, तो फीच्या पावतीबरोबर हल्ली एक कागद पुढे सरकतो. प्रशिक्षणात इजा झाली अगर मृत्यू आला, तरी संस्था, चालक व शिक्षक जबाबदार राहणार नाहीत, असा मजकूर बारीक टाइपात असतो. आपण न वाचता सही ठोकतो.

आमच्या एका सभासदाच्या विशीतल्या मुलाचा हात यंत्राची तार तुटून जायबंदी झाला. तार झिजलेली होती, हे चालकांना आधीच सांगितलेले होते. बाप माझ्याकडे आला तो अडीच वर्षांनी. का थांबलात, विचारले तर म्हणाला, "भाऊ, पोरानं सही दिली होती ना!" ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत तोवर उलटली होती. उशीर माफ होतो, पण त्याला सबळ कारण दाखवावे लागते. आणि कागदाची भीती हे कारण सांगायचे तरी कसे?

कारखान्यात असे कागद मी पुष्कळ पाहिले. भरपाईचा हक्क सोडल्याची कामगाराची सही 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने, 17 व्या कलमात, साफ निरर्थक ठरवली होती. फी भरून शिकणाऱ्याला तो आधार नाही. त्याने 1872 चा करार कायदा पाहावा. त्याच्या 23 व्या कलमाप्रमाणे लोकहिताविरुद्धचा करार रद्द ठरतो. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात, बलिष्ठाने दुर्बळाच्या गळी उतरवलेली अन्याय्य अट याच कलमाखाली मोडीत काढली. खटला नोकरीचा होता, हे खरे. तेव्हा प्रत्येक हमीपत्र आपोआप रद्द होते असे मी म्हणत नाही. 2019 च्या ग्राहक कायद्याखाली मात्र अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

फरक ध्यानात घ्यावा. कबड्डीत पकडीत गुडघा मुरगळला, तर ती खेळाची जोखीम. ती आपण पत्करलेलीच असते. झिजलेली तार ही खेळाची जोखीम नव्हे, तो निष्काळजीपणा आहे. कागदात "निष्काळजीपणामुळे झालेली इजाही" असे शब्द आहेत का, ते आधी शोधावे. असल्यास तेवढी ओळ खोडून शेजारी आद्याक्षरे घालावीत व चालकाचीही घ्यावीत. तो नकार देईल, कदाचित प्रवेशही देणार नाही. पण मग आपण कुठे पाऊल टाकतो आहोत, हे तरी कळते.

दम्याचा, हृदयाचा, जुन्या हाडमोडीचा रकाना खरा भरावा. तिथे लपवलेले पुढे आपल्यावरच उलटते. रिकाम्या जागांवर रेघ मारावी, तारीख स्वहस्ते घालावी, आणि कागदाची प्रत मागून घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या सहीला करार म्हणून किंमत नाही. प्रिव्ही कौन्सिलने 1903 सालीच मोहोरी बीबीच्या खटल्यात ते सांगितले. म्हणून पालकाची सही मागतात. पालकाने विमा आहे का, प्रथमोपचार कोण करतो, हे त्याच वेळी विचारावे, आणि उत्तर त्या कागदावरच लिहून घ्यावे.