सरपणाच्या करवतीची चेन अधिक दिवस कशी टिकेल?



आपल्या देणगीतून आलेल्या चेनसॉवर मुलांच्या वसतिगृहाचे सरपण कापले जाते. त्याची चेन आणि बार, म्हणजे चेन ज्या पोलादी पट्टीभोवती फिरते ती, इतक्यांदा का बदलावी लागते, असे काहींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. चेनवर जाणारा पैसा मुलांच्या वह्यांवर जाऊ शकतो.

चेन लाकडापेक्षा मातीने लवकर बोथट होते. बांधावरची बाभूळ कठीण असते खरी, पण धार असलेली चेन ती नीट कापते. ओंडका ओढत आणला की सालीच्या भेगांत वाळू बसते आणि तीवर चेन टेकली की काही क्षणांत धार जाते. म्हणून आम्ही ओंडका दोन आडव्या लाकडांवर ठेवतो, तारेच्या ब्रशने माती झाडतो, मगच मशीन सुरू करतो. ओंडका हलत नसेल तर वरून बराचसा कापायचा, मग लोळवून उरलेले कापायचे; चेन जमिनीला लागू द्यायची नाही. बांधावरच्या झाडाच्या पोटात कधी कुंपणाची तार किंवा खिळा असतो. कापात लाकूड काळेनिळे दिसू लागले की तिथे लोखंड आहे असे समजून थांबावे.

धार गेली हे भुशावरून कळते. चांगली चेन ढलप्या फेकते, बोथट चेन पिठासारखी बारीक भुकटी. भुकटी पडू लागल्यावरही मशीन दाबून चालवणे हा सर्वांत महागडा प्रकार. चेन तापते, बारच्या कडा झिजतात आणि चालवणाऱ्याचे हात भरून येतात. त्यापेक्षा पेट्रोल भरायला थांबलो की गोल कानशीचे दोन-तीन हात प्रत्येक दात्यावर द्यावेत. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची, दात्यावरच्या तिरप्या खुणेला धरून, आणि दोन्ही बाजूंच्या दात्यांना सारखेच हात द्यायचे. एका बाजूचे दाते आखूड झाले की काप वाकडा जातो. दर तीन-चार धारांनंतर दात्यापुढचा उंचवटाही मापाने पाहावा. बहुतेक चेनना तो दात्यापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली असावा लागतो. तो जास्त घासला तर चेन लाकडात अडकते आणि मशीन अंगावर उसळण्याचा धोका वाढतो.

तेलाबाबत आमच्याकडे थोडा वाद झाला. ट्रॅक्टरमधून काढलेले काळे तेल फुकट मिळते, मग विकतचे कशाला? पण त्या तेलात धातूचा कीस असतो, ते बारवर टिकत नाही आणि कापताना त्याचे शिंतोडे अंगावर उडतात. कातडीला ते घातक आहे. बारसाठीचे चिकट तेलच घालावे आणि पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी तेही भरावे. तेल येते का हे पाहायला बारचे टोक फिकट लाकडाच्या बुंध्यासमोर, न टेकवता, धरून मशीन वाढवावी. थोड्या वेळात लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर तेलाचे भोक भुशाने बुजलेले असते.

दिवसाच्या शेवटी बार काढून त्याची खाच पातळ पत्र्याने खरवडतो आणि बार उलटा बसवतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. कडेला धारदार कोर आली असेल तर सपाट कानशीने काढतो. चेन हाताने सहज फिरावी, पण बारखाली लोंबू नये. काम करताना तापून सैल झालेली चेन आवळली असेल तर संध्याकाळी पुन्हा सैल करावी लागते, कारण थंड झाली की ती आखडते आणि बार व मशीन दोन्हींवर ताण येतो.

हे सगळे आता मोठी मुले शिकत आहेत, मशीन बंद ठेवून आणि हातमोजे घालून. कोणी भेटीला येणार असाल तर नवी चेन आणू नका. आमच्या चेनला ४ मिमीची गोल कानस लागते. तिच्या दोन आणल्यात तर पुष्कळ दिवस पुरतील.