पाहुणे यंत्र, यजमान यंत्र आणि आपली जुनी स्मरणिका

या स्मरणिकेच्या तयारीसाठी आम्ही कार्यालयातील जुने कागद बाहेर काढले, तेव्हा कपाटाच्या तळाशी एक सीडी सापडली. आपल्या विद्यालयाच्या मागील स्मरणिकेची ती मूळ प्रत. छापील प्रतींपैकी एकच उरली आहे आणि तिची मधली पाने वाळवीने खाल्ली आहेत. नेमक्या त्याच पानांत वसतिगृहाच्या पहिल्या स्वयंपाकीण मावशींची आठवण होती. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी सांगितले आणि एका गुरुजींनी उतरवून घेतले. आज मावशी हयात नाहीत, ते गुरुजीही नाहीत. ती आठवण आता फक्त त्या सीडीवर होती आणि आमचा नवा संगणक ती फाइल उघडावयास तयार नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण नवी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवली जात असे. पुढे ती मागे पडली. आज दप्तरखान्यांत मोडीचे रुमालच्या रुमाल सुस्थितीत आहेत. वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. कागद टिकला आणि वाचक हरवला. आमच्या सीडीचेही तेच झाले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेला ‘मूकनायक’चा पहिला अंक शंभर वर्षांनंतरही आपण वाचू शकतो, पण आपलीच दोन दशकांपूर्वीची स्मरणिका आपल्याला वाचता येऊ नये, याची खंत वाटली. त्या खंतेतून आम्ही जे शिकलो, ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे ठेवण्यासाठी हा लेख.

ती फाइल ‘पेजमेकर’ या जुन्या प्रणालीत मांडलेली होती. तिची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली. मराठी टंक त्या काळच्या एका संचातला. तो विंडोज एक्सपीवर चालणारा आणि संगणकाला ‘डोंगल’ नावाची किल्लीवजा वस्तू लावल्याशिवाय न उघडणारा. मूळ तबकड्या व डोंगल शाळेकडे जपून ठेवलेले होते. नव्हता तो जुना संगणक. तो केव्हाच भंगारात गेला होता. पुण्यात संगणक क्षेत्रात असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने दूरध्वनीवर सांगितले, “सर, जुना संगणक शोधू नका. नव्याच्या पोटात जुना तयार करा.”

यालाच ‘व्हर्च्युअल मशीन’ किंवा आभासी यंत्र म्हणतात. संगणकाची स्मृती, साठवण व प्रक्रियाशक्ती यांतील थोडा वाटा वेगळा काढून त्याला एक स्वतंत्र संगणक असल्यासारखे वागविणारी प्रणाली असते. खऱ्या संगणकाला ‘यजमान’ आणि त्याच्या आत चालणाऱ्याला ‘पाहुणा’ म्हणण्याची रीत आहे. यजमानावर लिनक्स असले तरी पाहुणा विंडोज एक्सपी असू शकतो. वसतिगृहाची इमारत एकच, पण खोल्यांना भिंती असतात. एका खोलीत गोंधळ झाला तरी शेजारच्या खोलीतील अभ्यास मोडत नाही. तसेच हे.

अशा प्रणाली अनेक आहेत. ‘क्यूएमयू’ ही फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार्द यांनी २००३ साली लोकांपुढे ठेवली. ‘केव्हीएम’ हा लिनक्सच्या गाभ्याचा भाग फेब्रुवारी २००७ पासून त्यात समाविष्ट आहे. ‘व्हर्च्युअलबॉक्स’ ही मुळात एका जर्मन कंपनीची. तिची मुक्तस्रोत आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये आली आणि आज ती ओरॅकल कंपनीकडे आहे. आम्ही तीच वापरली, कारण नवशिक्याला ती सोपी जाते.

पाहुणा घरात आला, पण त्याला घरातील काहीच ठाऊक नसते. पाण्याचा माठ कोठे, दिव्याचे बटण कोठे? पहिल्या दिवशी आमची स्थिती अशीच झाली. एक्सपी सुरू झाले, पण पडद्याच्या एका लहानशा चौकटीत. माउस आत गेला की बाहेर येईना. आतली फाइल बाहेर काढण्याची वाट दिसेना. येथे पूरक प्रणाली, म्हणजे ‘ॲड-ऑन’, कामास येते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला ‘गेस्ट ॲडिशन्स’ म्हणतात. ती पाहुण्याच्या आत बसवावी लागते. बसविल्यावर पडदा पूर्ण होतो, माउस मोकळा होतो आणि दोघांना मिळून वापरता येईल असे सामायिक फोल्डर तयार होते. आमचे सारे काम त्या एका फोल्डरवर अडले होते.

ही पूरक प्रणाली नेमके काय करते, हे समजून घेण्याजोगे आहे. ती नसते तेव्हा पाहुण्याला वाटते की आपण खऱ्याखुऱ्या यंत्रावरच चाललो आहोत. मग यजमानाला जुन्या नेटवर्क कार्डाची, जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करीत बसावे लागते आणि त्यात वेळ जातो. पूरक प्रणाली पाहुण्याला सांगते, ‘तू पाहुणा आहेस, सोंगाची गरज नाही, हवे ते सरळ माग.’ दोघांतील हा सरळ व्यवहार ठरावीक पद्धतीने व्हावा म्हणून ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’ नावाची रचना मांडली. केव्हीएमसह आज अनेक प्रणाली ती वापरतात.

या कामात आपल्या नगरपासून अवघ्या तीन तासांवर असलेल्या पुण्याचाही वाटा आहे. यजमान व पाहुणा यांच्यात निरोपांची देवाणघेवाण करणारी ‘व्हर्टआयओ सिरियल’ ही वाहिनी २०१० च्या सुमारास आकाराला आली, ती प्रामुख्याने पुण्यात रेड हॅट कंपनीत काम करणाऱ्या अमित शाह या अभियंत्याच्या हातून. (राजकारणातील नामसाधर्म्याने वाचकांनी गोंधळून जाऊ नये.) पाहुण्याला रीतसर बंद होण्याची सूचना देणे किंवा इकडचा मजकूर तिकडे चिकटविणे, असे निरोप या वाहिनीतून जातात. लिनक्सच्या मूळ आज्ञावलीत त्या भागाचे सांभाळकर्ते म्हणून त्यांचे नाव नोंदविलेले आहे. मराठीसाठीचा ‘लोहित’ हा मुक्त टंकही रेड हॅटच्याच आश्रयाने वाढला. लोहित म्हणजे लाल. नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘फेडोरा’ या मुक्त प्रणालीवर काम करणाऱ्यांचे संमेलन भरले होते. म्हणजे हे सारे दूरदेशीचे नवल नव्हे. ते आपल्या एसटीच्या रस्त्यावर घडलेले आहे.

‘मुक्तस्रोत’ या शब्दाचा अर्थ पुष्कळजण ‘फुकट’ असा करतात. तो अपुरा आहे. ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, अभ्यासता येते, बदलता येते आणि बदलून इतरांना देता येते, ती मुक्त. हे हक्क परवान्यात लिहिलेले असतात. ‘जीपीएल’ या परवान्याची अटही न्याय्य आहे: तुम्ही तयार प्रणाली दुसऱ्याला दिलीत, तर तिची मूळ आज्ञावलीही त्याला उपलब्ध करून दिली पाहिजे. घेणाऱ्याने पुढच्याची वाट अडवावयाची नाही.

येथे एक सावधगिरी हवी. एकाच नावाखालचे सारे मुक्त असते असे नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग व गेस्ट ॲडिशन्स मुक्त आहेत. परंतु ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाचा जोडसंच निराळ्या परवान्याखाली येतो आणि व्यावसायिक वापरासाठी तो विकत घ्यावा लागतो. वेगवान यूएसबीची सोय पूर्वी या जोडसंचात होती. २०२२ च्या सातव्या आवृत्तीपासून ती मुक्त भागात आली. आमचा डोंगल जुन्या, संथ यूएसबीचा असल्याने मूळ भागावरच काम भागले. परवाना वाचण्याचा कंटाळा करू नये, हा धडा मात्र मिळाला.

अशी पूरक प्रणाली आपण स्वतः बांधू शकतो का? लहान प्रमाणात, होय. आमच्या नववीच्या काही विद्यार्थ्यांनी माजी विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनाखाली ते केले. लिनक्सचा पाहुणा घेतला की त्यासाठीच्या ॲडिशन्स तेथल्या तेथे मूळ आज्ञावलीतून घडवाव्या लागतात. त्यासाठी संकलक, म्हणजे ‘कंपायलर’, लागतो आणि गाभ्याच्या नेमक्या त्याच आवृत्तीच्या ‘हेडर’ फाइली लागतात. गाभा अद्ययावत झाला की जुनी जोडणी जुळेनाशी होते; ती आपोआप पुन्हा घडविण्यासाठी ‘डीकेएमएस’ नावाची सोय वापरतात. प्रत्येक पायरीआधी ‘स्नॅपशॉट’ घ्यावयाचा, म्हणजे यंत्राची त्या क्षणाची स्थिती जतन करावयाची. काही बिघडले तर एका कळीने मागे येता येते.

या स्नॅपशॉटचे मोल शिक्षक म्हणून आम्हाला फार वाटते. आमच्या उमेदीच्या काळात शाळेतील संगणकावर कापड झाकलेले असे, खोलीची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे आणि दारावर पाटी असे: ‘हात लावू नये’. या तीन शब्दांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यात कोणता अर्थ होता, हे वाचकांना सांगावयास नको. आभासी यंत्रापुढे बसलेल्या मुलीला आम्ही सांगितले, “मोडून बघ.” तिने मोडले, परत आणले, पुन्हा मोडले. तिसऱ्या वेळी का मोडते ते तिला कळले होते.

मुलांनी केलेली खरी भर मात्र टंकाची होती. जुन्या टंकात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. टंक काढला की समोर नुसता अगम्य मजकूर. शिवाय क्रमही वेगळा. ‘विद्यार्थी’ हाच शब्द घ्या. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी साठविली जाई, कारण ती आधी दिसते, रफार ‘थ’च्या नंतर येई, कारण तो वर व मागे दिसतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात: आधी ‘व’, मग वेलांटी, आधी ‘र्’, मग ‘थी’. तेव्हा चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही. वेलांटी पुढे व रफार मागे सरकवावा लागतो. मुलांनी वहीत तक्ता आखला, एकेक जोडाक्षर तपासले आणि त्यावरून एक छोटी आज्ञावली लिहिली. सामायिक फोल्डरमध्ये जुना मजकूर टाकला की शेजारी युनिकोडमधील मजकूर तयार होतो.

हे काम इतर शाळांना, जुन्या नियतकालिकांना, कार्यकर्त्यांच्या घरी पडून असलेल्या पुस्तिकांना उपयोगी पडेल. म्हणून ते वाटावयाचे ठरले. वाटण्याचेही नियम आहेत. पहिला: संपूर्ण यंत्राची प्रत वाटू नये, कृती वाटावी. प्रत कित्येक जीबीची होते. शिवाय तिच्यात परवान्याचे विंडोज असते, जे दुसऱ्याला देण्याचा आपल्याला हक्क नाही. दुसरा, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर: त्या आभासी डिस्कवर विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, आधार क्रमांक, पालकांचे उत्पन्न राहून जाऊ शकते. पुसलेली फाइलही परत काढता येते. मुलांची माहिती ही त्यांची आहे, आपली नव्हे. तिसरा: सोबत परवाना, कोणी काय केले याची नोंद आणि मराठीत वापराची माहिती असावी. चौथा: फाइलीसोबत तिची ‘एसएचए-२५६’ खूण द्यावी. पार्सलावरील लाखेच्या मोहरेसारखी ती असते. वाटेत एक अक्षर बदलले तरी खूण जुळत नाही. पाचवा: दुसऱ्याच्या आज्ञावलीत चूक सापडली तर दुरुस्ती मूळ कर्त्यांकडे पाठवावी.

आणखी एक सूचना. विंडोज एक्सपीला मिळणारे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. असा पाहुणा इंटरनेटला जोडू नये; त्याचे नेटवर्क बंद ठेवूनच काम करावे. साधनांची मात्र चिंता नको. आठ जीबी स्मृतीचा साधा संगणक पुरतो. जुन्या पाहुण्याला त्यातील एक जीबीही भरपूर होते. प्रक्रियकातील आभासी यंत्रांची सोय काही संगणकांत बंद ठेवलेली असते, ती सुरुवातीच्या ‘बायोस’ पडद्यावरून चालू करावी लागते.

एका सायंकाळी प्रार्थनेनंतर ती फाइल उघडली. मुले मागे उभी होती. मावशींची आठवण दीड पानाची निघाली. पहिल्या वर्षी मुले भाकरी मोजून मागत, घरी मोजून खाण्याची सवय म्हणून; तेव्हा मावशींनी मोजणेच बंद केले, असे तिच्यात आहे. सावेडीच्या माळावरील तेव्हाच्या दोन खोल्यांचे, पाण्याच्या टँकरचे वर्णन आहे. ज्या मुलीने यंत्र तीनदा मोडले होते, तिने ते मोठ्याने वाचून दाखविले. तो मजकूर या अंकात पुन्हा छापला आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी जुन्या सीडी, फ्लॉपी, लग्नपत्रिकांपासून जयंतीच्या पत्रकांपर्यंतच्या फाइली असतील, तर त्या उघडत नाहीत म्हणून टाकून देऊ नका. विद्यालयात आणून द्या. आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी महिन्यातील एक रविवार मुलांसाठी द्यावा. तक्त्यातील काही जोडाक्षरे अजून चुकतात. ती दुरुस्त करावयाची आहेत.