हाय-रेझ आवाज : मोजमाप आणि कान

सीडीवरचा आवाज 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ या मापात साठवतात. त्यात सुमारे 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर आणि साधारण 96 डेसिबलचा पल्ला मावतो. माणसाचा कान तरुणपणीही 20 किलोहर्ट्झच्या पुढे फारसा जात नाही. तरीही हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या मापातली, फाइल अधिक मोकळी, जिवंत वाटते असा दावा होतो.

त्याची कसोटी म्हणजे अंध चाचणी. काय वाजते आहे हे श्रोत्याला ठाऊक नसते आणि दोन्ही आवाजांची पातळी काटेकोर जुळवलेली असते. कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो. दुकानातले बरेच चमत्कार या जुळवणीनंतर विरतात.

मेयर आणि मोरन या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझ आवाज सीडीच्या मापातून गाळून ऐकवला. 554 चाचण्यांत 276 उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकी. आवाज खूप वाढवल्यावर मात्र संगीतातल्या शांत जागी सीडीच्या मापातली खरखर ओळखू आली. 2016 मध्ये संशोधक जोशुआ राइस यांनी अशा 18 प्रयोगांचे आकडे एकत्र केले. एकूण अचूकता 52.3 टक्के, प्रशिक्षित श्रोत्यांची 60 टक्क्यांच्या आसपास निघाली. फरक असलाच तर जाहिरातीत सांगतात तेवढा नक्कीच नाही.