भीतीचा परवाना

मुळशी तालुक्यातल्या धडवली गावात जून २०२३ मध्ये शेतजमिनीवरून वाद झाला. हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना दरडावणाऱ्या एका बाईंची त्या वेळची चित्रफीत वर्षभराने, जुलै २०२४ मध्ये, देशभर पाहिली गेली. बाई तेव्हाच्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या आई. पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला, महाड तालुक्यातून त्यांना अटक झाली आणि परवाना रद्द का करू नये, अशी नोटीस निघाली. ते पिस्तूल परवान्याचे होते. स्वतःच्या जिवाच्या रक्षणासाठी सरकारने हाती दिलेले शस्त्र शेताच्या बांधावर दुसऱ्याला धाक दाखवायला बाहेर आले. बंदुकीच्या प्रश्नाचे मूळ तिथे उघडे पडते. ती भीतीपोटी घेतली जाते आणि घेतल्यावर भीती घालते.

अमेरिकेने काय केले?

या वाटेने सर्वांत लांब गेलेला देश अमेरिका आहे. १७९१ मध्ये तिथल्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि शस्त्र बाळगणे हा हक्क ठरला. हा हक्क स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. घराबाहेर बंदूक बाळगण्यापर्यंत तो २०२२ मध्ये पोहोचला. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या देशात नागरिकांच्या हाती ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

या बंदुका कशासाठी? १९९९ मधल्या एका जनमत चाचणीत बंदूकधारकांनी सर्वाधिक वेळा शिकारीचे नाव घेतले होते. २०२३ मध्ये 'प्यू' या संशोधन संस्थेने विचारले, तेव्हा दर दहापैकी सात जणांनी स्वसंरक्षण हे मोठे कारण सांगितले. याच काळात तिथल्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपेक्षा बरेच खाली आले होते. गुन्हे घटले तरी भीती वाढत गेली.

या भीतीची किंमत तिथल्या घराघरांनी मोजली. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८ हजारांहून अधिक माणसे गोळीने मेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. चोराला मारण्यासाठी उशाशी ठेवलेली बंदूक एखाद्या निराश रात्री घरातल्याच माणसाच्या हाती लागते, असा त्याचा अर्थ आहे.

दहशतवादाचे राजकारण

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात २,९७७ निरपराध माणसे मारली गेली. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकीने मेलेल्यांचा आकडा २९ हजारांच्या वर होता. पहिल्या घटनेनंतर दीड महिन्यात 'पेट्रियट' कायदा आला, विमानतळ बदलले, दोन युद्धे झाली. दुसऱ्या आकड्यावर त्या तोडीचे काहीच झाले नाही.

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे एका जोडप्याने १४ जणांना गोळ्या घातल्या. हा हल्ला दहशतवादी ठरला. ज्यांच्यावर सरकारला दहशतवादी असल्याचा संशय आहे त्यांना निदान बंदूक विकू नये, असा प्रस्ताव सेनेटर डायन फाइनस्टाइन यांनी दुसऱ्याच दिवशी मांडला. सेनेटने तो फेटाळला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की सरकारच्या यादीत चुकून नाव आलेल्या माणसाचा हक्क जाईल. हा आक्षेप पोकळ नव्हता. पण ज्या यादीच्या भरवशावर माणसाला विमानातून उतरवता येते, तीच यादी बंदुकीच्या दुकानाशी येऊन थांबते, हे राजकारण आहे.

या राजकारणाने शत्रूला चेहरा दिला: परका, सावळा, दाढीवाला. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातल्या ओलेथा शहरात एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या हैदराबादच्या तरुण अभियंत्याला गोळ्या घालून मारण्यात आले. मारेकऱ्याने त्यांना इराणी समजले होते. पुण्या-मुंबईची हजारो मुले अशाच अभियंत्याच्या कामासाठी त्या देशात आहेत, त्यामुळे ही बातमी आपल्या घरातलीही आहे.

पुण्याची भीती, मुळशीचा माणूस

दहशतवादाची भीती पुण्यालाही खरी आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जण गेले. त्या भीतीचे पुढे काय झाले हेही पाहिले पाहिजे. दगडूशेठ हलवाई गणपतीजवळ स्फोटाचा कट केल्याचा आरोप असलेला कतील सिद्दिकी ८ जून २०१२ रोजी येरवडा कारागृहाच्या कडेकोट बराकीत मारला गेला. त्याच्यावरचा खटला अपुराच राहिला. खुनाचा आरोप झाला मूळ मुळशीच्या शरद मोहोळवर. पुढे न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तरी त्याच आरोपाच्या बळावर समर्थकांनी एका टोळीप्रमुखाला देशभक्त म्हणून मिरवले. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदरा भागात भरदिवसा त्याला गोळ्या घातल्या गेल्या, आणि घालणारे त्याच्याबरोबर वावरणारेच होते. भीतीच्या राजकारणाने मोठा केलेला माणूस बंदुकीपासून सुरक्षित राहिला नाही.

मुळशीत बंदूक कुठून आली, याचे उत्तर जमिनीत आहे. हिंजवडी आणि माण ही आयटीची गावे याच तालुक्यात. भूगाव, पिरंगुटपर्यंत पुणे चढत आले, भाताच्या खाचरांचे प्लॉट झाले आणि गुंठ्याचे भाव घरातल्या माणसांनाही कळेनासे झाले. पैसा आला, गाडी आली, पैसा संपला, आणि मुलगा दुसऱ्याच्या जमिनीवर ताबा मारायला जाऊ लागला. प्रवीण तरडे यांच्या २०१८ मधल्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने ही गोष्ट महाराष्ट्रभर नेली. जमीन आणि बंदूक यांची ही गाठ मुळशीपुरती नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी गोळ्या झाडल्याचे सीसीटीव्हीत दिसले. तोही वाद जमिनीचाच होता.

आपला कायदा

इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले. तो अपमान सगळ्या राष्ट्रीय चळवळीला डाचत होता, म्हणून १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी घटना समितीत तीच मागणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. घटनेने आपल्याला जमण्याचा हक्क दिला, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा. हा निर्णय पूर्ण विचारांती झाला होता, आणि आपण अमेरिकेच्या वाटेने गेलो नाही याचे मोठे श्रेय त्याला आहे.

१९५९ च्या कायद्याने परवाना ही सवलत ठरते. अर्ज करावा लागतो, पोलीस चौकशी होते आणि जिवाला धोका असल्यासारखे सबळ कारण द्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. निवडणूक आली की अनेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. पुण्यात टोळक्यातल्या पोरांच्या हाती आजही बहुधा कोयता असतो. कोयताही भयंकरच, पण त्याच्यापुढून पळता येते आणि जखमी माणूस बऱ्याचदा वाचतो. अमेरिकेत तोच राग हाती रायफल घेऊन शाळेत शिरतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या शाळेत अशाने २० लहान मुले गेली.

मात्र आपल्या कुंपणाला दोन भगदाडे आहेत. पहिले बेकायदा कट्ट्यांचे. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले मध्य प्रदेशातले उमर्टी गाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. दुसरे भगदाड वशिल्याच्या परवान्यांचे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. मग शंभराहून अधिक रद्द झाले. जे खुनानंतर रद्द करता आले, ते आधी दिलेच का, हा प्रश्न प्रत्येक जिल्ह्याने विचारायला हवा.

मुळशीचा जुना धडा

पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून १९०८ मध्ये ती देशात आणणारे पांडुरंग महादेव बापट १९२१ मध्ये याच मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले आणि सेनापती झाले. जमीन जाण्याची मावळ्यांची भीती त्या वेळी पूर्ण खरी होती. तिच्यावर पहिला उपाय निघाला तो निःशस्त्र सत्याग्रहाचा. बायका-पुरुष बांधकामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. चळवळ शेवटी थकली, बापटांनी बळाचा मार्ग धरला, सात वर्षांची शिक्षा भोगली, आणि धरण झालेच. तरी आज अनेक अभ्यासक धरणग्रस्तांच्या लढ्यांची सुरुवात मुळशीपासून मोजतात, ती त्या एकत्र बसण्यामुळे.

आजच्या मुळशीकरांची भीतीही अशीच एकत्र येऊन सोडवण्यासारखी आहे. हद्दीची मोजणी वेळेत व्हावी, सातबारा वादात सापडला तर निकाल लवकर लागावा, ताबा मारणाऱ्यावर पहिल्या तक्रारीतच गुन्हा नोंदवला जावा. दर वर्षी तालुक्यात किती परवाने दिले आणि किती नाकारले, याचे आकडे प्रशासनाने जाहीर करावेत. आणि गावाने आपल्या चौकात गुंडाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावू देऊ नये, कारण शाळेत जाणारा मुलगा तो रोज वाचतो. ग्रामसभेत हे विषय मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. या दिवाळीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत ते मांडा.