पिसं पक्ष्याची, डोकं कारागिराचं

१६१२ च्या सुमारास मुघल सरदार मुकर्रबखानाने गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी जहांगीर बादशहापुढे हजर केले. त्यांत अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या व्यापारी वाटेने गोव्याला पोचलेली टर्की होती. बादशहाने उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढवून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीर निसर्गाचं बारकाईने निरीक्षण करणारा राजा होता, आणि या पक्ष्याचं वर्णन लिहिताना त्याची नजर डोक्यामानेवर खिळली. माज आला की ती कातडी लाल होते, थोड्या वेळाने पांढरी पडते, कधी निळसर दिसते, याचं त्याला मोठं नवल वाटलं. चारशे वर्षं उलटून गेली, पण शिकार केलेली टर्की जतन करून घ्यायची असेल तर टॅक्सिडर्मिस्ट कसा निवडावा, या प्रश्नाचं उत्तर याच निरीक्षणात आहे. टर्कीची पिसं मेल्यावरही टिकतात, डोक्याचा रंग मात्र तिच्याबरोबर जातो. तो परत आणणारा माणूसच निवडावा. बाकीच्या कसोट्या त्यानंतरच्या.

हा प्रश्न आपल्याला पडू शकतो तो अमेरिकेत. न्यू जर्सीतलं पिस्कॅटवे हे मराठी वाचकाला ओळखीचं गाव. रॅरिटन नदी, रटगर्स विद्यापीठाचे बुश आणि लिव्हिंगस्टन ही आवारं, शेजारी एडिसन, आणि दोन्हीकडे गेल्या काही दशकांत स्थिरावलेली भारतीय कुटुंबं. इथे वाढलेल्या मुलांच्या मित्रमंडळीत, ऑफिसात, शेजारीपाजारी शिकार करणारी माणसं असतात, आणि हा छंद क्वचित आपल्याही घरात येतो. ज्या पक्ष्याची ही गोष्ट आहे तो या राज्यातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसा झाला होता. जंगलं तुटली, शिकारीला धरबंध राहिला नाही, आणि टर्की संपली. १९७७ मध्ये राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने, नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या मदतीने, फक्त २२ रानटर्की आणून सोडल्या. पुढे त्यांची संख्या जिथे वाढली तिथून काही पकडून दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि आज राज्यात त्या वीस हजारांच्या घरात आहेत. आजची शिकार या पुनर्वसनानंतरची आहे: परवाना, ठरलेला हंगाम, वसंतात फक्त नर किंवा छातीवर दाढी दिसणारा पक्षी, आणि बंदूक असेल तर वस्तीपासून ४५० फुटांचं अंतर. पिस्कॅटवेसारख्या दाट वस्तीत हे अंतर मिळणं कठीण, म्हणून शिकारी उत्तरेला ससेक्स आणि वॉरन परगण्यांच्या डोंगरांत किंवा दक्षिणेच्या पाइनच्या जंगलात जातात.

आता पक्ष्याकडे पाहू. पूर्वेकडच्या रानटर्कीच्या नराच्या अंगावर पाच-सहा हजार पिसं असतात आणि शेपटीत साधारण अठरा मोठी. उन्हात ती तांब्यासारखी, पितळेसारखी, मधेच हिरवी झळकतात. ही झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसाच्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या कणांचे थर असतात, प्रकाश त्यांवरून परततो आणि ही छटा उमटते. पिसाची रचना शाबूत आहे तोवर झळाळी शाबूत, म्हणून नीट धुऊन वाळवलेलं पीस कडक उन्हापासून जपलं तर कित्येक वर्षं सुंदर राहतं. डोक्यावर पिसं जवळजवळ नाहीतच. तिथे उघडी कातडी, मानेवर मांसल गाठी, गळ्याखाली पोळी आणि चोचीवरून लोंबणारा मऊ तुरा असतो. या कातडीत कोलॅजेनच्या तंतूंच्या जुड्या असतात आणि त्यांच्यामधून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. रक्त वाढलं की वाहिन्या फुगतात, तंतूंमधलं अंतर बदलतं आणि निळी कातडी पांढरी, मग लाल होते. बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये याच तत्त्वावर हवेतल्या बाष्पशील रसायनांना प्रतिसाद देऊन रंग बदलणारा संवेदक बनवला. म्हणजे हा रंग वाहत्या रक्ताचा आहे. पक्षी पडला की थोड्याच वेळात डोकं फिकं पडू लागतं, वाळल्यावर ते काळपट आणि आक्रसलेलं दिसतं. दिवाणखान्यातल्या टर्कीच्या डोक्यावर जो काही रंग दिसतो तो सगळा माणसाच्या हातचा असतो.

हे डोकं करण्याच्या रूढ पद्धती दोन आहेत. खरं डोकं फ्रीझ-ड्राय यंत्रात ठेवतात, बर्फ निर्वात पोकळीत थेट वाफ होऊन निघून जातो आणि आकार बराचसा टिकतो. मग त्यावर रंगकाम होतं. दुसऱ्या पद्धतीत खऱ्या डोक्याच्या साच्यावरून रेझिनचं डोकं ओतलेलं असतं, ते मानेच्या कातडीला जोडतात आणि रंगवतात. अनेकांना दुसरी पद्धत नकली वाटते. आपण पाडलेल्या पक्ष्याच्या धडावर कारखान्यातलं डोकं कशाला, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण फ्रीझ-ड्राय केलेल्या डोक्यात कातडी, मेंदूचा भाग, मांस, सगळं आतच राहतं. यंत्रातून ते लवकर काढलं तर थोडी ओल उरते, पुढे डोकं आक्रसतं, आणि किड्यांना ते आयतं खाद्य मिळतं. चांगलं ओतलेलं डोकं किडत नाही, आक्रसत नाही. दोन्ही पद्धतींनी अप्रतिम कामं होतात आणि दोन्हींनी भिकारही, म्हणून कुठली पद्धत वापरता यापेक्षा रंग पाहणं महत्त्वाचं. चांगल्या कामात रंग पातळ, एकावर एक थरांनी चढवलेला असतो. खालची निळाई वरच्या पांढऱ्यातून किंचित जाणवते, गाठींचा लाल सगळीकडे एकसारखा नसतो, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्यांत रंग साचत नाही. वाईट कामात तीन पट्टे दिसतात, लाल, पांढरा, निळा, आणि त्यांवर सरसकट वार्निशची चमक. दुकानात गेल्यावर पिसाऱ्यापुढे रेंगाळू नये. पिसारा निसर्गाने दिलेला आहे, कारागिराची परीक्षा त्याच्या पुढच्या टोकाला आहे.

दुसरी परीक्षा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असते, आणि खरं तर बहुतेक टर्की तिथेच बिघडतात. वसंतात माजावर आलेला नर आठवडेच्या आठवडे पिसारा फुलवून नाचतो, खाणं दुर्लक्षितो, आणि त्या काळासाठी त्याच्या छातीत चरबीचा जाड, स्पंजासारखा थर साठलेला असतो. शिकार होते ती नेमकी याच वेळी. कातडी सोलल्यावर ही चरबी पिसांच्या मुळांमधून खरवडून काढावी लागते, त्यासाठी तारेच्या ब्रशाचं फिरतं चाक वापरतात. कातडी पातळ असते, चाक जरा जास्त टेकलं तर भोक पडतं, कमी टेकलं तर चरबी उरते. मग भांड्यांच्या साबणाने पुन्हापुन्हा धुणं, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि गार हवेच्या झोताने पीस न् पीस मोकळं करत वाळवणं. हे काम कंटाळवाणं आणि वेळखाऊ आहे, आणि गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नाही. कामचुकारपणा झाला तरी पहिलं वर्ष टर्की झकास दिसते. मग छातीची पिसं पिवळट, चिकट होऊ लागतात, वास येतो, आणि चामडं खाणारे किडे आणि कसर लागते. म्हणून टॅक्सिडर्मिस्टकडे त्याने गेल्या महिन्यात केलेली टर्की पाहून भागत नाही. पाच-सात वर्षांपूर्वीची पाहायला मागावी, छातीवरची पिसं हलकेच उचलून मुळाशी बघावं, आणि वास घ्यावा. ज्याला आपल्या जुन्या कामाची खात्री आहे तो या मागणीने खट्टू होत नाही.

तिसरी गोष्ट पवित्र्याची. आत पेंढा भरण्याचा काळ केव्हाच गेला. आता पॉलियुरेथेन फोमचं धड असतं, पाय, पंख आणि मानेत तारा असतात, आणि कातडी त्यावर चढवून पिसं टाचण्यांनी, दोऱ्याने, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी वाळेपर्यंत जागच्या जागी धरून ठेवतात. तारेचा हा विचार जुना आहे. जॉन जेम्स ऑड्यूबन ताज्या मारलेल्या पक्ष्यांना तारांनी जिवंत पवित्र्यात उभं करून त्यांची चित्रं काढत असे, आणि अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या त्याच्या महाग्रंथाचं पहिलंच चित्र रानटर्कीच्या नराचं आहे. पुढे टॅक्सिडर्मिस्ट कार्ल एकलीने प्राण्यांची मापं घेऊन, स्नायू न् स्नायू मातीत घडवून, त्यावर कातडी बसवण्याची रीत परिपूर्ण केली. त्याच्या कल्पनेतलं आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं दालन न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९३६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, उघडलं. पिस्कॅटवेहून आगगाडीने गेलं तर ते एका दिवसात पाहून येता येतं, आणि टॅक्सिडर्मिस्ट निवडण्याआधी प्रत्येकाने ते पाहावं असं मी आग्रहाने सांगेन. जिवंतपणा म्हणजे काय, हे तिथे डोळ्यांना कळतं. टर्कीच्या बाबतीत हा जिवंतपणा म्हणजे सर्व अवयवांची एकवाक्यता. पिसारा फुललेल्या नराची मान मागे खेचून खांद्यांत दडलेली असते, पंखांची टोकं जमिनीला टेकतात, अंगावरची पिसं उभी राहतात, चोचीवरचा तुरा लांब होऊन खाली लोंबतो आणि माथा पांढरट असतो. बिचकलेल्या टर्कीची मान ताठ, तुरा आखूड, पिसं अंगाला चिकटलेली. पिसारा एका मनःस्थितीतला आणि तुरा दुसऱ्या मनःस्थितीतला अशी गल्लत पुष्कळ दुकानांत दिसते. ती करणाऱ्याचा हात कितीही सफाईदार असो, त्याने जिवंत टर्की पुरेशी पाहिलेली नाही.

स्पर्धेतली पदकं हा पुरावा धरावा का? काही अंशी धरावा. परीक्षक विजेरी घेऊन डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, पायांवरचे खवले तपासतात, तेव्हा पदक मिळवणाऱ्याचं ज्ञान खरं असतं. पण स्पर्धेसाठी महिनाभर खपून केलेला एक पक्षी आणि गिऱ्हाइकांच्या रांगेतला चाळिसावा पक्षी यांत फरक पडू शकतो, म्हणून पाहायचा तो चाळिसावा. बरं, स्वस्तात होत असेल तर? पूर्ण टर्कीला शेकड्यांनी डॉलर पडतात, चांगल्या हाताला हजारावरही जातात, आणि पक्षी हाती यायला कित्येक महिने, कधी वर्ष लागतं. ज्याला एवढं परवडत नाही त्याने स्वस्त कारागीर शोधू नये, काम लहान करून घ्यावं. पिसारा, दाढी आणि पायामागचे काटे लाकडी फळीवर लावून घेतले तर खर्च थोडा, त्यांत चरबी जवळजवळ नाही, डोकंही नाही. बिघडण्यासारखं फार काही उरत नाही. राहता राहिला सरकारी परवाना. टर्की स्थलांतर करत नाही, म्हणून १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यात ती येत नाही आणि तिच्यासाठी टॅक्सिडर्मिस्टला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. बदकांसाठी मात्र लागतो आणि नोंदवह्या ठेवाव्या लागतात. माझ्या मते ज्याच्याकडे तो परवाना आहे त्याला झुकतं माप द्यावं, कारण कुठला पक्षी कुणाचा, केव्हा आला, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्याला आपोआप लागलेली असते.

याहून मोठा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात असणार. मारून वर घरात मांडून ठेवायचं, यात कौतुक कसलं? आपल्याकडे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली वाघ-बिबट्यांची मुंडकी राजवाड्यांच्या भिंतींवर टांगलेली आहेत, आणि ती पाहताना मान खाली जाते, हे योग्यच आहे. त्या काळात जंगलं रिती झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे शिकारीचं दार लावलं, ते उघडू नये. पण न्यू जर्सीतल्या टर्कीचं गणित निराळं आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर कर बसतो, लांब नळीच्या बंदुकांवर ११ टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. संपलेली टर्की परत आली ती शिकाऱ्यांच्या पैशाने आणि त्यांच्याच संघटनेच्या साथीने. तिथला नियमात राहणारा शिकारी पक्षी खातोही. ज्याला मुळात मारणंच अमान्य आहे त्याला हे उत्तर पुरणार नाही, आणि त्याचं म्हणणं मी खोडू इच्छित नाही. पण त्या आक्षेपाचा रोख शिकारीवर आहे, जतनाच्या कलेवर नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं टॅक्सिडर्मी केंद्र याची साक्ष देईल. २००९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाड यांनी मृत्यू पावलेले वाघ, बिबटे आणि पक्षी वनखात्याच्या परवानगीने अभ्यासासाठी जतन केले. तिथे कुणी कुणाला मारत नाही, आणि कला तीच आहे: आधी शरीराचं ज्ञान, मग हात.

शेवटी शिकाऱ्याची बाजू, कारण चांगल्यात चांगला कारागीरही बिघडवलेला पक्षी दुरुस्त करू शकत नाही. टॅक्सिडर्मिस्ट शिकारीला जाण्यापूर्वी ठरवावा, आणि पक्षी कसा आणायचा हे त्यालाच विचारावं. सर्वसाधारण रीत अशी: पक्षी फरपटवू नये, मान पिरगळू नये, पोट फाडू नये, चोचीत आणि जखमेत कापूस घालून रक्त पिसांवर येऊ देऊ नये, शेपूट न दुमडता पिशवीत घालून लवकरात लवकर गोठवावा. मांस हवं असेल तर ते कारागिराकडून काढून घ्यावं किंवा कुठे चीर घ्यायची ते त्याला विचारून मगच सुरी लावावी. पडल्यापडल्या, डोक्यात रंग असतानाच, त्याचे जवळून फोटो काढावेत, कारण रंगवणाऱ्याला त्याच पक्ष्याचा तोच खरा पुरावा. आणि टॅक्सिडर्मिस्टला बैठकीच्या तळाशी एक चिठ्ठी चिकटवायला सांगावी: तारीख, परगणा, वजन, दाढीची आणि काट्यांची लांबी. निसर्गेतिहासाचं संग्रहालय केव्हा आणि कुठे याची नोंद नसलेला नमुना क्वचितच स्वीकारतं. ती नोंद असेल तर पन्नास वर्षांनी नातवंडांना नकोसा झालेला हा पक्षीही, ससेक्सच्या डोंगरात २२ पक्ष्यांची प्रजा किती मोठी झाली हे अभ्यासणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडू शकतो.