भूदान : बुलढाणा जिल्हा

स्वेच्छेने दिलेल्या जमिनींवर भूमिहीन कुटुंबांना वसवून त्यांना त्यांच्याच परिसरात शेतकरी म्हणून स्थिर करण्यासाठी आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर १८९५–१५ नोव्हेंबर १९८२) यांनी स्वतंत्र भारतात चालविलेली चळवळ व तिचे बुलढाणा जिल्ह्यातील वैधानिक स्वरूप. चळवळीच्या प्रारंभकाळी विदर्भातील इतर जिल्ह्यांप्रमाणे बुलढाणा जिल्हाही तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता. त्यामुळे त्या राज्याचा १९५३ चा भूदान यज्ञ अधिनियम येथे लागू झाला.

उगम : १८ एप्रिल १९५१ रोजी तत्कालीन हैदराबाद राज्यातील पोचमपल्ली (तेलंगण) येथे दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमिनीची मागणी केली, गावातील जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. त्या भागात जमिनीच्या प्रश्नावरून सशस्त्र संघर्ष झाला असल्याने या दानाला विशेष महत्त्व आले. पुढे विनोबांनी पदयात्रा करून प्रत्येक भूधारकाकडे जमिनीचा सहावा हिस्सा मागितला.

कायदेशीर प्रक्रिया : केवळ तोंडी संकल्पाने जमिनीवरील हक्क बदलत नाही. खातेफोड झाली नसेल, सहहिस्सेदाराची हरकत असेल किंवा जमीन गहाण असेल, तर घेणाऱ्याचा ताबा केव्हाही धोक्यात येऊ शकतो. म्हणून अधिनियमाने भूदान यज्ञ मंडळाची तरतूद केली. दात्याची घोषणा महसूल अधिकाऱ्याकडून प्रसिद्ध होई, हरकतींची चौकशी होई व दान कायम झाल्यावर जमीन मंडळाकडे येई. मंडळ ती स्वतः कसण्यास समर्थ अशा भूमिहीनास देई. त्याचा हक्क वारसांकडे जाई. मात्र जमीन मुक्तपणे विकता येत नसे. हे बंधन नसते, तर पहिल्याच दुष्काळात जमीन पुन्हा सावकाराकडे जाण्याची भीती होती. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी विदर्भापुरता हा अधिनियम चालू राहिला.

भूमी व वसाहत : जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, मध्यभागी पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांचे पठार आहे. खोऱ्यातील कसदार जमीन कापूस व ज्वारीस अनुकूल असते. डोंगरउतारावरील मुरमाड जमिनीस बांधबंदिस्ती व पाणी लागते. साहजिकच दानातील एकरांच्या संख्येइतकाच जमिनीचा मगदूरही निर्णायक ठरतो. बैलजोडी, अवजारे व बियाणे यांवाचून जमीन मिळूनही ती पडीक राहते, हे ओळखून चळवळीत साधनदान, संपत्तिदान व श्रमदान यांची जोड देण्यात आली. पुढील पायरी ग्रामदानाची होती. त्यासाठी महाराष्ट्रात १९६४ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला.

मूल्यमापन : देशभर १९५७ पर्यंत ५ कोटी एकर जमीन मिळविण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ४० लाख एकरांहून अधिक जमिनीची दाने नोंदली गेली; त्यांपैकी बरीच जमीन नापीक किंवा वादग्रस्त निघाल्याने वाटपाबाहेर राहिली. दानाच्या मार्गाने जमिनीची विषमता मिटली नाही, ही टीका रास्त आहे. महाराष्ट्रात पुढे १९६१ च्या कमाल जमीनधारणा अधिनियमाने अतिरिक्त जमीन काढून घेण्याचा सक्तीचा मार्ग स्वीकारला. तथापि जमिनीवर भूमिहीनाचाही नैतिक हक्क आहे, हा विचार विनोबांनी जमीनमालकांच्या दारापर्यंत नेला. विदर्भात त्याला अधिकार-अभिलेखातील नोंदीची जोड मिळाली. दात्याच्या पश्चात त्याचे वारस जमिनीवर हक्क सांगू लागतात, तेव्हा भूदानधारकाच्या कुटुंबाला या नोंदीचाच आधार असतो.